जुनं घर, नवं घर आणि मधली वाट

प्लेग आला नसता, तर मुंबईतल्या इमारतींच्या मधली मोकळी जागा आज आहे तेवढीही उरली नसती. १८९६ मध्ये मांडवीत साथ सुरू झाली, लाखो माणसं शहर सोडून गेली आणि साऱ्याचं खापर कोंदट, अंधाऱ्या खोल्यांवर फुटलं. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे १९१०च्या दशकात एक नियम लावून धरला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. सोप्या शब्दांत, मधलं अंतर समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मं हवं. चाळीस फूट उंच इमारत असेल तर वीस फूट मोकळी जागा सोडायची. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो, हे विज्ञानाने दाखवून दिलं; पण त्या नियमामुळे घरात आलेला उजेड आणि वारा यांचं मोल त्याने कमी झालं नाही. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतून उभ्या राहिल्या. तिथल्या दोन घरांमधून वाहणारा वारा हा त्या आखणीचाच भाग आहे.

गिरगावची गोष्ट वेगळी. तिथल्या वाड्या ट्रस्टच्या आधीच्या. कांदेवाडी, फणसवाडी, झावबावाडी, खोताची वाडी या ठिकाणी घरं एकमेकांच्या अंगाला अंग लावून वाढली. दोन इमारतींच्या मध्ये उरली ती घरगल्ली, म्हणजे सांडपाण्याचे पाइप, गटार आणि झाडूवाल्याला आत शिरण्यापुरती वाट. लालबाग-परळमध्ये चाळींच्या मधला चौक असतो. तिथे गणपती बसतो, क्रिकेट होतं, लग्नाचा मांडव पडतो.

आता प्रश्न असा, की जुनी इमारत ठेवून शेजारी नवी बांधली, तर दोन्हींना जोडायचं कसं? शाळेची जुनी दगडी इमारत आणि मागची नवी, एखाद्या ट्रस्टचं जुनं सभागृह आणि नवी वाचनखोली, एखाद्या कुटुंबाचं दादरमधलं दुमजली घर आणि आवारात बांधलेला नवा भाग, अशा जागी हा प्रश्न हटकून येतो. बहुतेक वेळा वास्तुरचनाकार एकच उत्तर देतात: काचेचा पॅसेज. छत काचेचं, भिंती काचेच्या, दोन टोकांना दोन दारं. हे उत्तर निम्मं बरोबर आहे, असं मला वाटतं. कुठलं निम्मं बरोबर आणि कुठलं मुंबईत चालत नाही, ते या प्रकरणात पाहू.

बरोबर काय आहे, ते आधी. १९६४ मध्ये व्हेनिसमध्ये जमलेल्या वास्तुतज्ज्ञांनी जुन्या वास्तूंच्या जतनासाठी एक सनद केली. जुन्या वास्तूत नव्याने जे जोडाल, ते नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे आणि त्याने मूळ वास्तूवर कुरघोडी करता कामा नये, हे तिचं एक सूत्र. जुन्या कमानीची नक्कल करून सिमेंटात ओतलेली कमान जुन्या इमारतीबद्दल खोटं बोलते. काच तसं करत नाही. ती दोन्ही इमारतींना आपापल्या जागी राहू देते आणि जुन्या भिंतीचा चेहरा झाकत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मधल्या चौकावर २००० साली नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने काचेचं छत घातलं. त्यात ३,३१२ काचा आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट खालून दिसत नाही: ते छत भोवतालच्या जुन्या भिंतींना घट्ट बांधलेलं नाही. ते सरकणाऱ्या बेअरिंगवर टेकलं आहे, म्हणजे उन्हाने पसरलं तरी जुन्या दगडांना बाजूला ढकलत नाही.

आपल्याकडेही या विचाराची मुळं आहेत. गिरगावातल्या काही चाळींमध्ये पुढची आणि मागची इमारत एका अरुंद पुलाने जोडलेली असे. काही ठिकाणी संडासांचा वेगळा मनोरा बांधून तो अशाच पॅसेजने गॅलरीला जोडत. वर पत्रा, बाजूला लाकडी किंवा लोखंडी कठडा, बाकी सगळं उघडं. दुर्गंधी राहण्याच्या खोल्यांपर्यंत येऊ नये, म्हणून मध्ये हवा ठेवलेली. हा पूल बांधणाऱ्या मिस्त्रीने व्हेनिसची सनद वाचलेली नव्हती. पण दोन बांधकामं जोडूनही वेगळी ठेवण्याची अक्कल त्याच्याकडे होती.

आणि काचेचं छत? तेही परळ-लालबागला नवं नाही. गिरणीचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आठवा. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि बंद, दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची. ती काच उत्तरेकडे तोंड करून असायची, कारण आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यामुळे खात्यात दिवसभर उजेड येई, पण साच्यावर, म्हणजे मागावर, थेट ऊन पडत नसे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य मुंबईच्या किंचित उत्तरेला सरकतो खरा, पण त्यातले बरेच दिवस ढगांचे. एवढा विचार त्या छपरात होता. आज त्याच गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांच्या चारही बाजू सारख्याच असतात, तेव्हा गिरणीच्या बांधणाऱ्यांविषयीचा आदर वाढतो.

आता मूळ कामाकडे. जोडायच्या दोन इमारती एकाच जातीच्या नसतात, हे सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवं. गिरगावातलं शंभर वर्षांचं घर म्हणजे सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मध्ये विटा आणि चुना, वर मंगलोरी कौलं. किंवा जाड दगड-विटांच्या भिंती, ज्या स्वतःच भार वाहतात. नवी इमारत म्हणजे आरसीसीचे कॉलम-बीम. जुन्या घराचा पाया केव्हाच खचून स्थिरावलेला असतो. नव्या इमारतीचा पाया पहिली काही वर्षं थोडा थोडा दबतो. भरावाची किंवा चिकणमातीची जमीन असेल, तर हा फरक आणखी वाढतो; आणि मुंबईच्या मूळ बेटांमधला कितीतरी भाग भराव घालूनच जमीन झालेला आहे. एक बाजू स्थिर, दुसरी दबणारी, आणि मध्ये दोघींना घट्ट बांधलेला पॅसेज असं असेल, तर तडा कुठे जाणार? काचेत नाही तर जुन्या भिंतीत.

म्हणून पॅसेजचा सगळा भार नव्या इमारतीनेच उचलावा, हा नियम मी सर्वांत वर ठेवेन. नव्या आरसीसीतून लोखंडी तुळया पुढे काढायच्या आणि जुन्या भिंतीच्या अलीकडेच थांबवायच्या. अंतर जास्त असेल, तर जुन्या घराजवळ पॅसेजचे स्वतःचे दोन खांब उभे करायचे, पण त्या खांबांचा खड्डा जुन्या पायाच्या कुशीत आणि घरगल्लीतल्या गटाराच्या डोक्यावर येणार नाही हे पाहून. जुन्या भिंतीला पॅसेजने टेकायचं नाही. मधली फट लवचिक पट्टीने झाकायची. ही फट किती हवी, हे दोन्ही इमारतींच्या उंचीवरून इंजिनिअर ठरवतो, कारण भूकंपात दोन इमारती वेगवेगळ्या तालावर हलतात आणि मध्ये जागा नसेल तर एकमेकींवर आदळतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मुंबईतही जाणवला होता. भूकंपाची जोखीम इथे मध्यम धरली जाते, नगण्य नव्हे.

जुन्या भिंतीत दार पाडणं हे या कामातलं सगळ्यात जोखमीचं पाऊल. इथे एक सोपी, खात्रीची वाट आहे: असलेल्या खिडकीचंच दार करायचं. खिडकीवरची कमान किंवा लिंटेल वरचा भार आधीच पेलत असतं. खिडकीची रुंदी तेवढीच ठेवून खालचा भाग काढला, तर भाराची वाट बदलत नाही. लाकडी सांगाड्याच्या घरात दोन खांबांच्या मधला विटांचा भराव काढता येतो, पण खांबाला किंवा आडव्या तुळईला हात लावायचा नाही. गवंडी म्हणेल, ‘साहेब, एक खांब थोडा तासला तर दार मोठं होईल.’ तिथे नाही म्हणायचं. टेकू लावलेल्या इमारती गिरगावकरांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, तेव्हा बेट-शहरातल्या १९,६४२ इमारती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, ठरल्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य १९४० च्या आधीच्या होत्या. तुमची जुनी इमारत त्यांपैकी असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिट हातात आल्याशिवाय पॅसेजचा विचारही करू नये.

दोन्ही जोत्यांची उंची क्वचितच जुळते. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि जुनी जोती खाली राहिली. हिंदमाताला पाणी तुंबतं ते तिथली जमीन बशीसारखी खोलगट आहे म्हणून, आणि त्या परिसरातला नवं बांधणारा माणूस जोतं साहजिकच वर घेतो. मग दोन घरांत दीड-दोन फुटांचा फरक पडतो. अनेक जण पॅसेजच्या टोकाला तीन पायऱ्या ठेवून मोकळे होतात. ते करू नये. बारा फुटांमागे एक फूट एवढा सौम्य उतार दिला, तर आजीची व्हीलचेअर आणि वाचनालयातली पुस्तकांची ट्रॉली दोन्ही जातात. दोन फुटांच्या फरकाला चोवीस फूट लांबी लागते. तेवढी नसेल, तर उतार नव्या इमारतीच्या आत न्यावा.

आता पाऊस. मुंबईत वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. पॅसेजच्या छताला धोका असतो तो मात्र एकूण पावसापेक्षा वाऱ्यासोबत आडव्या येणाऱ्या झडीचा. नैर्ऋत्येकडून येणारी झड उभ्या भिंतीवर आपटते आणि भिंतीवरून खाली ओघळणारं पाणी नेमकं तिथे पोचतं, जिथे काचेचं छत भिंतीला भेटतं. दहातली नऊ गळती या सांध्यात असते, हे कुठलाही वॉटरप्रूफिंगवाला सांगेल. नुसतं सिलिकॉन भरून हा सांधा टिकत नाही. ऊन, खारी हवा आणि चुन्याच्या भिंतीतला ओलावा यांनी ते दोन-चार पावसाळ्यांत सुटतं. पत्र्याची किंवा शिशाची पट्टी जुन्या भिंतीतल्या विटांच्या सांध्यात खोचून ती काचेवर पदरासारखी सोडायची, म्हणजे पाणी काचेवर पडतं, आत येत नाही, आणि पट्टी भिंतीत धरलेली असली तरी काच मोकळी हलू शकते. छताला चांगला उतार हवा, आणि उतार जुन्या भिंतीपासून दूर. पन्हळ वाटते त्याच्या दुप्पट रुंद घ्यावी, कारण आंबा, वड, पिंपळ आणि कबुतरं तिला भरून टाकतातच. तिच्यातलं पाणी घरगल्लीतल्या सांडपाण्याच्या पाइपात सोडू नये. पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगळी असते.

पॅसेजच्या बाजूंना काच लावू नका. ही या प्रकरणातली माझी सगळ्यात आग्रहाची सूचना. वर काच, बाजूला हवा. लंडनमध्ये बंद काचेचा पॅसेज हिवाळ्यात ऊब देतो म्हणून तो तिथे शहाणपणाचा. मुंबईत १५ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. तेव्हा आडव्या काचेवर उन्हाचा पूर्ण मारा होतो. काचेतून आलेलं ऊन फरशी तापवतं. तापलेली फरशी जी उष्णता परत फेकते, तिला काच बाहेर जाऊ देत नाही. बाजू बंद असतील, तर ती उष्णता दोन्ही घरांत शिरते आणि मग पॅसेजला एसी बसवावा लागतो. त्याऐवजी बाजूला कठडा, लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा उभे लूव्हर घ्यावेत, झडीच्या बाजूला खोल छज्जा काढावा, आणि छताच्या सर्वांत उंच कडेला गरम हवा निघून जायला सलग फट ठेवावी. छताची काच थोडी धुरकट किंवा उष्णता परतवणारा लेप असलेली निवडावी, आणि तिच्या खाली सरकवता येणारं वेताचं किंवा खादीचं आवरण ठेवावं. गिरणीची आठवण ठेवून काचेचा उतार उत्तरेकडे देता आला, तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

गोव्यात आणि वसईकडे काच दुर्मीळ होती तेव्हा खिडक्यांत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत. त्यातून दुधी उजेड येई आणि ऊन टोचत नसे. काच स्वस्त झाली आणि ही खिडकी मागे पडली. खोताच्या वाडीतल्या घरांची बाहेरची लाकडी जिने-व्हरांड्यांची रचना, गोव्यातले शिंपले, गिरणीचं उत्तरेकडचं छप्पर ही सगळी एकाच अनुभवातून आलेली आहेत: इथे उजेड आत घ्यायचा, ऊन बाहेर ठेवायचं, आणि वाऱ्याला कधी अडवायचं नाही.

काच कुठली, हे दुकानदारावर सोडू नये. साधी काच फुटली की तिच्या धारदार सुऱ्या होतात. टफन केलेली काच सुमारे चार-पाच पट मजबूत असते आणि फुटल्यावर लहान लहान तुकड्यांत विखुरते; पण डोक्यावरून ते तुकडे एकदम कोसळले तर इजा होतेच. डोक्यावरच्या छताला लॅमिनेटेड काच लागते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, त्यामुळे फुटली तरी काच त्याला चिकटून राहते. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचांचं वजन एका चौरस मीटरला सुमारे ३० किलो होतं. सहा मीटर लांब आणि दीड मीटर रुंद पॅसेजच्या छताला साधारण २७० किलो नुसती काच, लोखंड आणि वर चढणारा सफाई कामगार वेगळा. अ‍ॅल्युमिनियम काचेपेक्षा अडीच पट जास्त प्रसरण पावतं. सहा मीटरची पट्टी तीस अंशांनी तापली तर चार मिलिमीटरने वाढते, काच दीड मिलिमीटरच. दोन्हींमध्ये रबरी गॅस्केट आणि मोकळी जागा ठेवली नाही, तर काच कडेपासून तडकते. फॅब्रिकेटर हे सांगणार नाही, ते तुम्ही विचारायचं. पॉलिकार्बोनेट हलकं आणि स्वस्त असतं, पण इथल्या उन्हात काही वर्षांत पिवळं पडतं. तात्पुरत्या कामाला ठीक.

परवानगीबद्दल थोडक्यात. दोन इमारतींमधली जागा बहुतेक वेळा नियमाने मोकळी सोडलेली असते. ती झाकली, तर पॅसेज बांधकाम क्षेत्रात धरला जाऊ शकतो आणि अग्निशमन दलाची वाट अडू शकते. २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाकडे नकाशे द्यावे लागतात, आणि वास्तू वारसा यादीत असेल तर वारसा समितीकडेही. हा वेळ वाया जात नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि १४ माणसं गेली. तिथे उघड्या गच्चीवर उभारलेलं पेटाऊ आच्छादन हे आग झपाट्याने पसरण्याचं एक कारण होतं. मोकळी जागा झाकताना आग आणि धूर कुठून जाणार, हे आधी ठरवावं. बाजू उघड्या ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

नवं आणि जुनं जोडण्याचा विचार मुंबईत मोठ्या पातळीवरही झाला आहे. १९०३ च्या ताजमहाल हॉटेलशेजारी सत्तरच्या दशकात उंच मनोरा उभा राहिला आणि दोन्ही खालच्या मजल्यांवर जोडले गेले. वरच्या मजल्यांवर ते वेगळे दिसतात, हेच त्याचं बलस्थान. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं. त्याच्या नव्या दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१४ मध्ये अमेरिकेतले स्टीव्हन होल यांचा आराखडा निवडला गेला, पण तो प्रत्यक्षात उतरला नाही. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेलं जुन्या इमारतीचं जतन मात्र पूर्ण झालं आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. जुनं आधी नीट करावं, जोड नंतर द्यावी, हा क्रम लहान घरालाही लागू आहे. ओल धरलेल्या भिंतीला काचेचा पॅसेज जोडला, तर ओल कायमची आत कोंडली जाते.

शेवटी कामाच्या वेळेविषयी. दिवाळीनंतर सुरुवात करा, म्हणजे खांबांचे खड्डे कोरड्या जमिनीत होतात आणि मेच्या आत छत चढतं. काचा बसल्यावर वरच्या सांध्यावर दोन तास पाण्याचा पाइप सोडून आत कुठे ओल येते ते पाहा. फॅब्रिकेटर समोर असतानाच पाहा. छतावर चढून काच पुसायला सुरक्षित जागा ठेवली आहे का, हेही तेव्हाच तपासा. आणि करारात एक ओळ आधीच लिहून घ्या: शेवटचा हप्ता पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये.